ऊन मागणाऱ्या झाडाला ऊन कसं द्यावं: घरात, बाहेर आणि घरातून बाहेर नेताना

जास्वंदीची एक कुंडी मी आख्खा हिवाळा खोलीत ठेवली होती. खोली चांगली उजेडाची, दिवसा दिवा लावायची गरज पडत नसे. झाड जगलं, पण एकही कळी धरली नाही. फांद्या खिडकीकडे कलल्या, दोन पानांमधलं अंतर बोटभर झालं, नवीन पानं मोठी पण पातळ यायला लागली. ऊन कमी पडतंय हे कळल्यावर एका सकाळी मी ती कुंडी उचलून थेट भर उन्हात ठेवली. तिसऱ्या दिवशी वरची सगळी पानं पांढुरकी, कागदासारखी झाली होती.

आधी उपाशी ठेवणं आणि मग एकदम भाजून काढणं, या दोन्ही चुकांचं मूळ एकच होतं. उजेड मी डोळ्यानं जोखत होतो. हा लेख त्यासाठीच आहे. जास्वंद, गुलाब, बोगनवेल, मोगरा, शेवंती, झेंडू, सदाफुली, अडेनियम, लिंबू, टोमॅटो, मिरची, तुळस, बहुतेक निवडुंग, यांपैकी काहीही तुम्ही नव्यानं आणलं असेल तर कुंडीची जागा ठरवण्याआधी हे वाचा.

हाताशी काय हवं

- प्रकाश मोजणारं ॲप असलेला फोन (किंवा साधा लक्समीटर)
- होकायंत्र, फोनमधलं चालेल
- कोरा कागद, पेन्सिल आणि जमिनीवर खुणा करायला कागदी चिकटपट्टी
- शेडनेटचा (सावलीच्या जाळीचा) तुकडा, ५० टक्क्यांचा
- घरात दिवा लावणार असाल तर टायमर
- एक सुट्टीचा दिवस, ज्या दिवशी आकाश स्वच्छ असेल

शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. बाकीचं नसलं तरी निभावतं.

## १. डोळ्यावर विसंबणं सोडा

आपला डोळा उजेडाशी फार पटकन जुळवून घेतो. प्रखर उजेडात बाहुली आकसते, मंद उजेडात मोठी होते, आणि मेंदू उरलेला फरक भरून काढतो. त्यामुळे खोली आणि अंगण यांतला फरक आपल्याला 'बाहेर जरा जास्त उजेड आहे' एवढाच वाटतो.

आकडे वेगळंच सांगतात. निरभ्र दुपारी थेट उन्हात सुमारे १ लाख लक्स प्रकाश असतो (लक्स म्हणजे एखाद्या जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप). त्याच वेळी बाहेरच्या मोकळ्या सावलीत १० ते २० हजार. खिडकीला लागून, पण थेट ऊन येत नसेल तिथे साधारण १ ते ५ हजार. आणि आपण ज्याला चांगली उजेडाची खोली म्हणतो तिच्या मध्यभागी तीनशे ते पाचशे. म्हणजे उन्हाच्या दोनशेवा भाग. ऊन मागणाऱ्या झाडाच्या दृष्टीनं तो अंधारच आहे.

मोजायच्या तीन सोप्या रीती आहेत.

हाताची सावली. दुपारी, जिथे कुंडी ठेवायची तिथे पांढरा कागद ठेवा आणि त्याच्यावर वीतभर उंचीवर हात धरा. सावलीची कड ठसठशीत, बोटं वेगवेगळी दिसली तर उजेड भरपूर. कड पुसट पण हात ओळखू येतो, तर मध्यम. नुसता धूसर डाग पडला तर ती जागा ऊनप्रिय झाडाची नव्हे.

आकाश दिसतं का. झाडाची पानं जिथे येणार त्या जागी स्वतःचा डोळा न्या. खाली बसावं लागलं तर बसा. तिथून आकाश किती दिसतं ते बघा. समोर फक्त भिंत, छज्जा किंवा दुसरी इमारत दिसत असेल तर पानालाही तेवढंच दिसतं. उभं राहून पाहिलेला उजेड आणि जमिनीवरच्या कुंडीला मिळणारा उजेड यांत केवढा फरक असतो, हे मला या एका युक्तीनं कळलं. कुठलंही उपकरण नसेल तर एवढं तरी कराच.

फोनचं ॲप. बहुतेक फोनमध्ये प्रकाश मोजणारा सेन्सर पुढच्या बाजूला, सेल्फी कॅमेऱ्याजवळ असतो. म्हणून स्क्रीन पानाच्या वरच्या बाजूसारखी, उजेडाकडे तोंड करून धरा. दर वेळी त्याच तऱ्हेनं धरा. फोनचा आकडा अचूक असेलच असं नाही, आणि काही फोन भर उन्हात एका आकड्यावर अडकून बसतात. पण या जागेपेक्षा ती जागा किती पट बरी, हे त्यातून नीट कळतं आणि आपलं काम बरंचसं तेवढ्यावर होतं.

## २. घराचा ऊन-नकाशा काढा

सुट्टीचा तो दिवस इथे लागतो. कागदावर घराचा, बाल्कनीचा किंवा गच्चीचा साधा आराखडा काढा. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत दर तासाला एकदा फेरी मारा आणि कवडसे कुठे पडलेत ते आराखड्यावर वेळेसकट नोंदवा. जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा केल्या तर आणखी सोपं. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, त्यामुळे तासाभरात कवडसा बराच हललेला दिसेल. दिवसाच्या शेवटी प्रत्येक जागेपुढे एक आकडा लिहा: थेट ऊन किती तास.

दिशा होकायंत्रावर बघा, पण खिडकीच्या लोखंडी गजांपासून लांब उभं राहून. गजांजवळ सुई भरकटते.

दिशांचा ढोबळ हिशेब असा. पूर्वेच्या खिडकीत सकाळचं कोवळं ऊन येतं. पश्चिमेच्या खिडकीत दुपारनंतरचं. प्रखरता दोन्हीकडे सारखीच, पण दुपारपर्यंत हवा आणि भिंती तापलेल्या असतात म्हणून पश्चिमेचं ऊन पानाला जास्त जाचतं. उत्तर गोलार्धात, कर्कवृत्ताच्या वरच्या भागात दक्षिणेची खिडकी सगळ्यात उन्हाची. दक्षिण गोलार्धात, मकरवृत्ताच्या खाली, उत्तरेची. इंटरनेटवरचा सल्ला वाचताना लिहिणारा कुठल्या गोलार्धातला आहे ते आधी पाहा. नवख्यांची यात हटकून फसगत होते.

दोन्ही वृत्तांच्या मधल्या पट्ट्यात राहणाऱ्यांचं गणित आणखी निराळं. तिथे सूर्य वर्षातून दोनदा डोक्यावर येतो आणि काही आठवडे (विषुववृत्ताजवळ काही महिने) पलीकडच्या बाजूला जातो. जी बाल्कनी एरवी उन्हाविना असते तिच्यात त्या काळात अचानक ऊन येतं, आणि समोरच्या बाजूची उन्हाची बाल्कनी नेमकी तेव्हा छज्जाच्या सावलीत जाते.

म्हणूनच हा नकाशा एकदा काढून भागत नाही. पृथ्वीचा आस सुमारे २३.४ अंश कललेला आहे. त्यामुळे या वृत्तांच्या बाहेर मध्यान्हीच्या सूर्याची उंची उन्हाळा ते हिवाळा ४७ अंशांनी बदलते. हिवाळ्यात खाली उतरलेला सूर्य खिडकीतून खोलीत आतवर येतो. उन्हाळ्यात तो एवढा वर चढतो की कवडसा खिडकीच्या कट्ट्याजवळच थबकतो. जून आणि डिसेंबरच्या २१ तारखेच्या आसपास अयन बदलतं. तेव्हा एकेकदा, आणि मार्च-सप्टेंबरमध्ये दिवस-रात्र समान असताना एकेकदा, अशा वर्षाला चार फेऱ्या पुरतात. नकाशे जपून ठेवा, पुढच्या वर्षी तेच कामाला येतात.

## ३. एका दिवसाची शिदोरी मोजा

'पूर्ण ऊन' म्हणजे दिवसाला किमान सहा तास थेट ऊन, असं रोपांच्या पाकिटांवर आणि पुस्तकांत लिहिलेलं असतं. बाहेर ठेवलेल्या झाडाला हा नियम पुरतो. घरातल्या झाडाला पुरत नाही, कारण तिथे तास आणि प्रखरता दोन्ही कमी होतात. मी त्यासाठी लक्स आणि तास यांचा गुणाकार करतो.

ऊनप्रिय फुलझाडाला दिवसाला दर चौरस मीटरमागे साधारण १५ मोल प्रकाश लागतो आणि टोमॅटो-मिरचीसारख्या फळं धरणाऱ्या झाडाला २० किंवा त्याहून जास्त. (मोल म्हणजे पानावर पडलेल्या प्रकाशकणांची मोजणी. झाडाच्या दृष्टीनं तेच खरं माप.) उन्हाच्या बाबतीत १५ मोल म्हणजे अंदाजे सव्वादोन लाख लक्स-तास, आणि २० मोल म्हणजे तीन लाख.

आता हिशेब करून बघा. मोकळ्या जागेत ७० हजार लक्सचं ऊन सहा तास मिळालं तर ४ लाख २० हजार. चांगलं पोटभर. उन्हाच्या खिडकीत ५० हजार लक्सचं ऊन तीन तास, म्हणजे दीड लाख, आणि उरलेले आठ तास नुसता उजेड अडीच हजारांचा, म्हणजे २० हजार. एकूण १ लाख ७० हजार. झाड जगेल, पानं धरेल, फुलं कमी देईल. आणि खिडकीपासून चार पावलं आत, दहा तास पाचशे लक्सनं? पाच हजार. माझ्या जास्वंदीला तेवढ्यावर ठेवलं होतं.

या आकड्यांतून मला जे उमगलं ते असं: ६० हजार लक्सचं एक तास थेट ऊन हे २ हजार लक्सच्या दिवसभराच्या उजेडाच्या तिप्पट भरतं. खोलीत उजेड वाढवायला धडपडण्यापेक्षा थेट उन्हाचा एक तास मिळवणं केव्हाही फायद्याचं.

## ४. घरात ठेवायचं तर कुठे

तावदानाला जितकं जवळ तितकं चांगलं. पान काचेला टेकू देऊ नका. उन्हाळ्यात काच तापते, थंड प्रदेशात हिवाळ्यात गारठते, आणि टेकलेलं पान दोन्हीत खराब होतं. एक-दोन बोटं मोकळी ठेवली की झालं.

साधी स्वच्छ काच दिसणाऱ्या प्रकाशापैकी ८५ ते ९० टक्के आत सोडते. रंगीत किंवा उष्णता अडवणारी काच बरंच जास्त खाते. डासांची जाळी, पातळ पडदा, काचेवरची धूळ, सगळे आपापला वाटा घेतात. काच पुसा, पानंही ओल्या फडक्यानं पुसा. कुंडी कट्ट्याखाली जमिनीवर असेल तर स्टुलावर घ्या. नुसतं उंच केल्यानं माझ्या एका मोगऱ्याला दिवसाचं तासभर ऊन जास्त मिळायला लागलं.

झाड खिडकीकडे का कलतं, याचा छडा लावायला चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी गवताच्या कोवळ्या कोंबांवर प्रयोग केले होते आणि १८८० मध्ये ते प्रसिद्ध केले. कोंबाचं टोक झाकलं की तो वळेनासा झाला. उजेड टोकाला कळतो आणि वाकतो मात्र खालचा भाग. पुढे कळलं की ऑक्सिन नावाचं संप्रेरक सावलीच्या बाजूला जास्त साठतं आणि तिकडच्या पेशी लांबतात. म्हणून कलणं हा आजार नाही, पण उजेड एकाच बाजूनं येतोय याची ती खूण आहे. आठवड्यातून एकदा कुंडी पाव वळसा फिरवा. जास्वंदीला कळ्या धरल्या असतील तेव्हा मात्र फिरवणं थांबवा, जागेत बदल झाला की ती कळ्या टाकते.

पाण्याचा सापळा. उजेड कमी तर झाड पाणी कमी पितं. बाहेर असताना रोज पाणी लागणारी कुंडी घरात आल्यावर चार-पाच दिवस ओली राहू शकते. सवयीनं रोज पाणी घातलं तर मुळं कुजतात, पानं पिवळी पडतात, आणि माणसाला वाटतं पाणी कमी पडतंय. बोट मातीत दोन पेरं खोल घालून बघा, कोरडं लागलं तरच पाणी द्या. खताचंही तेच. उपाशी उजेडातल्या झाडाला नत्राचं खत दिलं तर ते आणखी लांब, मऊ आणि लुकडं होतं. फूल येत नाही ते नाहीच.

## ५. ऊन नसेलच, तर दिवा

खिडकीचा हिशेब लाख लक्स-तासांच्याही खाली येत असेल तर दिवा लावा, झाडाशी भांडत बसू नका. जांभळा उजेड पाडणारे लाल-निळे दिवे घ्यायची गरज नाही. झाडं ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला जवळजवळ सगळा प्रकाश वापरतात, आणि पांढऱ्या एलईडीत तो असतो. शिवाय पांढऱ्या उजेडात पानाचा खरा रंग दिसतो, कीड लवकर सापडते. माझं मत स्पष्ट आहे: घरात माणसं राहत असतील तर पांढराच दिवा.

वॅट बघून दिवा निवडू नका, ते विजेचं माप आहे. पानाच्या जागी फोन धरून मोजा. २० हजार लक्स मिळत असतील आणि दिवा १४ तास चालला तर २ लाख ८० हजार होतात. एलईडीतून तेवढ्याच लक्समागे झाडाला उन्हापेक्षा थोडं कमी पोचतं, म्हणून सव्वादोन लाखांऐवजी हा आकडा धरायचा.

अंतर हा इथला सगळ्यात मोठा सापळा. छोट्या बल्बपासून अंतर दुप्पट केलं की प्रकाश चौथाई होतो. ३० सेंटिमीटरवर २० हजार लक्स देणारा बल्ब ६० सेंटिमीटरवर पाचच हजार देतो. छतावरच्या दिव्याचा म्हणूनच काही उपयोग नसतो. दिवा झाडाच्या वीतभर ते हातभर वर, झाड वाढेल तसा वर सरकवता येईल असा टांगा. हाताचा पंजा पानांच्या उंचीवर मिनिटभर धरा; चटका लागला तर दिवा वर घ्या. वायर अशी लोंबू द्या की तिच्यावरून ओघळणारं पाणी सॉकेटपर्यंत न पोचता खाली टपकेल.

टायमर लावाच. झाडाला रात्र हवी असते. काही झाडांना तर फुलायला लांब रात्रच लागते. गार्नर आणि ॲलार्ड या दोन शास्त्रज्ञांनी तंबाखू आणि सोयाबीनवर काम करून १९२० मध्ये ही गोष्ट मांडली. शेवंती, पॉइन्सेटिया, कलांचो ही तशी झाडं. शेवंतीला ऊन हवं म्हणून तुम्ही दिवा रात्री उशिरापर्यंत ठेवलात तर झाड जोमदार वाढेल आणि कळीच धरणार नाही. तिच्यासाठी कळ्या धरायच्या काळात दिवा दहा तासांवर आणा आणि उरलेला वेळ खोलीत खरोखर अंधार ठेवा.

## ६. बाहेरची जागा

बाहेर प्रकाश बहुधा पुरतो, अडचण बहुतेक वेळा उष्णतेची असते. काळी प्लास्टिकची कुंडी उन्हात इतकी तापते की उन्हाकडच्या बाजूची मुळं भाजतात. कुंडी एका मोठ्या कुंडीत ठेवा, किंवा पुढे दुसरी कुंडी उभी करून बाजूला सावली द्या. झाड उन्हात, मूळ सावलीत. तापलेल्या फरशीवर ठेवण्यापेक्षा विटांवर ठेवा, खालून हवा खेळते.

कठड्याची सावली बघा. बाल्कनी उन्हाची असते, पण जमिनीवरची कुंडी दिवसभर कठड्याच्या आड असते. पांढरी भिंत मागे असेल तर ती उजेड परत फेकते, सावलीकडच्या फांद्यांना त्याचा चांगला फायदा होतो. उन्हाळ्यात तीच भिंत झळही मारते.

भर दुपारी झाड माना टाकतं तेव्हा लगेच पाणी ओतू नका. माती ओली असेल आणि उन्हं कलल्यावर झाड पुन्हा ताठ होत असेल तर ते फक्त उष्णतेला तोंड देत होतं. संध्याकाळीही मान खालीच असेल, तर मात्र मुळं बघायला हवीत.

## ७. घरातून बाहेर नेताना: दोन आठवडे, त्याहून कमी नाही

माझी जास्वंद इथेच भाजली, म्हणून या पायरीवर मी जरा थांबतो.

कमी उजेडात तयार झालेलं पान आणि उन्हात तयार झालेलं पान हे एकाच झाडावर असले तरी वेगळे अवयव म्हणावेत इतके निराळे असतात. सावलीचं पान रुंद आणि पातळ, मिळेल तो कण पकडायला बनलेलं. उन्हाचं पान लहान आणि जाड, वरच्या थरात उभ्या पेशींची रांग जास्त. सावलीच्या पानावर एकदम लाखभर लक्स पडले की त्याला तो प्रकाश वापरता येत नाही आणि जिरवताही येत नाही. हरितद्रव्य जळतं, पांढरे-तपकिरी पट्टे पडतात. त्यात भर म्हणजे खिडकीची काच अतिनील किरणांतला जाचक भाग बराचसा अडवते. म्हणून रोज खिडकीत ऊन खाणारं झाडसुद्धा बाहेरच्या उन्हाला नवखंच असतं. 'माझं तर खिडकीतच होतं' या भरवशावर पुष्कळ झाडं करपतात.

जुनं पान उन्हाचं पान होत नाही. झाडाला नवी पानं घडवावी लागतात आणि त्याला वेळ लागतो. तो वेळ देण्याचा क्रम असा:

दिवस १ ते ३: बाहेर, पण पूर्ण सावलीत, जिथून आकाश भरपूर दिसतं. एवढ्यानंच प्रकाश घरापेक्षा कितीतरी पट वाढतो. वाऱ्याचीही सवय होते. शक्य तर ढगाळ दिवशी सुरुवात करा.

दिवस ४ ते ६: सकाळचं पहिलं तासभर ऊन, मग पुन्हा सावली.

दिवस ७ ते १०: सकाळचं ऊन दोन ते तीन तास. रोज कुंडी हलवणं जमत नसेल तर शेडनेट बांधा. ५० टक्क्यांची जाळी अर्धा प्रकाश अडवते.

दिवस ११ ते १४: चार ते पाच तास, जाळी दुपारपुरतीच. त्यानंतर पूर्ण ऊन.

रोपं घरात उगवली असतील तर हाच क्रम, फक्त अधिक जपून. एका दुपारीच ती गळून पडतात. निवडुंग आणि अडेनियम चिवट म्हणून त्यांना सूट देऊ नका. अडेनियमची पानं पुन्हा येतील, पण खोडावर पडलेला भाजल्याचा डाग कायम राहतो. त्यांच्या कुंडीवर खिडकीकडच्या बाजूला खूण करा आणि बाहेरही तीच बाजू सूर्याकडे ठेवा.

या काळात माती सुकू देऊ नका आणि खत देऊ नका. थोडी जुनी पानं गळतील, गळू द्या. शेंड्याला नवी पालवी लहान आणि जाड आली की समजा झाडानं ऊन मानलं.

एक गैरसमज इथेच दूर करतो. उन्हात पानावर पाणी पडलं की थेंब भिंगासारखे होऊन पान जाळतात, असं सांगितलं जातं. गुळगुळीत पानावरचा थेंब पानाला इतका चिकटून पसरतो की किरणांचा केंद्रबिंदू पानाच्या खाली जातो. सकाळी पाणी घालणं चांगलंच, पण झाड दुपारी तहानलेलं असेल तर संध्याकाळची वाट पाहायला लावू नका.

## ८. बाहेरून आत आणताना

रात्रीचं तापमान १० अंश सेल्सिअसच्या खाली जायच्या आत उष्ण प्रदेशातली झाडं आत घ्या. आणण्याआधी पानांची मागची बाजू बघा: मावा, लाल कोळी, पिठ्या ढेकूण, पांढरी माशी. घरात त्यांना खाणारे किडे नसतात, म्हणून ते झपाट्यानं पसरतात. आठवडाभर सावलीत ठेवून मग आत आणा, घरातली सगळ्यात उन्हाची जागा द्या आणि पाणी कमी करा. पानं गळतीलच.

## ९. झाडाच्या खुणा ओळखा

कमी उजेड आणि जास्त ऊन, दोन्हींत पान फिकं पडतं, म्हणून रंगावरून निदान करू नका. पेरांमधलं, म्हणजे पानं फुटतात त्या खोडावरच्या गाठींमधलं, अंतर बघा.

अंतर वाढत चाललंय, नवं पान जुन्यापेक्षा मोठं आणि पातळ आहे, झाड एका बाजूला कललंय, कळ्या नाहीत: उजेड कमी. पांढरे किंवा तपकिरी कोरडे चट्टे फक्त उन्हाकडच्या, वरच्या पानांवर आहेत, खालची पानं ठीक आहेत: ऊन जास्त, किंवा एकदम मिळालं. खालची पानं पिवळी आणि माती ओली: पाणी जास्त. कोरफड किंवा गुलाबाच्या आकाराची रसाळ झाडं तांबूस झाली तर बहुधा घाबरायचं कारण नाही, तो उन्हापासून बचावाचा रंग असतो. पान टणक असेपर्यंत चालेल.

जागा बदलल्यावर किमान तीन आठवडे थांबा. निकाल जुन्या पानांवर दिसत नाही, नव्या फुटव्यावर दिसतो.

## १०. आधीच लांबलेलं झाड सावरा

लांबलेली कांडी उन्हात ठेवली तरी आखूड होत नाही. ती छाटावी लागते, पण केव्हा, हे महत्त्वाचं. आधी सातव्या पायरीप्रमाणे झाडाला उन्हाला सरावू द्या. अंधारात छाटलं तर नवा फुटवाही तसाच लुकडा येतो. नवी आखूड पालवी दिसली की फांदी पेराच्या जराशी वर, बाहेर तोंड असलेल्या डोळ्यावर (कोंब फुटतो त्या जागेवर) कापा. जास्वंद नव्या फुटव्यावरच फुलते, त्यामुळे तिची फांदी अर्ध्यावर आणायला कचरू नका. रसाळ झाडाचा शेंडा कापून, जखम काही दिवस सावलीत सुकू देऊन कोरडसर मातीत रोवा. बुंध्यालाही बाजूनं कोंब येतात. अडेनियम कापताना हातमोजे घाला, त्याचा चीक विषारी असतो.

माझ्या जास्वंदीची भाजलेली पानं मी लगेच काढली नव्हती. ज्यांचा थोडा तरी भाग हिरवा आहे ती पानं झाडाच्या कामाची असतात. नवी पालवी येईपर्यंत त्यांनाच अन्न बनवायचं असतं. पूर्ण वाळलेली तेवढी खुडा, बाकीची आपोआप गळतील.